दिसेनासं झालं की पैसे कुणाच्या खिशातून जातात?

प्रश्न थोडक्यात असा: देवगड-राजापूर पट्ट्यातल्या काही मंडळींनी मिळून आपल्या भागात कायमचं नेत्रतपासणी केंद्र सुरू करायचा प्रस्ताव केला आहे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पैसे मागायचे आहेत आणि तिथला पहिला सवाल ठरलेला आहे, "यानं शासनाचे किती वाचणार?" तर दृष्टी गेल्यानं होणारं आर्थिक नुकसान मोजतात कसं, आणि धोरण ठरवताना असे आकडे खरोखर उपयोगी पडतात का?

शासनाचे फारसे वाचणार नाहीत. हे आधीच कबूल करून टाका, म्हणजे पुढचं बोलायला जागा होते. माणसाला दिसेनासं झालं की त्याचा बहुतेक खर्च जिल्हा परिषदेच्या वहीत चढतच नाही. तो चढतो सुनेच्या बुडालेल्या रोजावर, मुंबईहून धावत आलेल्या मुलाच्या बिनपगारी रजेवर, रिक्षाभाड्यावर आणि ओसाड पडलेल्या परसावर. सरकारी वहीत जे दिसत नाही ते आकड्यात आणून दाखवणं, एवढंच या सगळ्या शास्त्राचं काम. पण ते करताना कुणाचं काम मोजायचं आणि कुणाचं सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि कोकणात सगळी गोची तिथेच होते.

मी डोळ्यांचा सर्जन. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी मिळून तीसेक वर्षं काढली, त्यातली निम्मी शिबिरांत. हिशेब शिकलो तो एका फजितीनंतर. अशाच एका बैठकीत मी उभा राहून ठोकून दिलं, "अंधत्वामुळे देशाचं वर्षाला १५९ अब्ज रुपयांचं नुकसान होतं." अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "डॉक्टर, यातले आपल्या जिल्ह्याचे किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय पुढच्या बैठकीवर गेला, म्हणजे गेलाच.

आकडा खोटा नव्हता. हैदराबादच्या संशोधकांनी १९९८ साली तो प्रसिद्ध केला होता, १९९७ या वर्षासाठी. तेव्हाचे अंध लोक जन्मभर असेच राहिले तर एकूण किती जातील, हेही त्यांनी काढलं होतं: २,७८७ अब्ज रुपये. पहिल्या आकड्याला वर्षाचा हिशेब म्हणा, दुसऱ्याला आयुष्याचा. कोकणातल्या माणसाला हा फरक विहिरीवरून चटकन कळतो. यंदाच्या उन्हाळ्यात पाणी किती कमी पडलं हा एक प्रश्न, आणि झराच आटला तर पुढची तीस वर्षं किती कमी पडेल हा दुसरा. आयुष्याच्या हिशेबात लहान मुलांचा वाटा २८.७ टक्के निघाला होता. अंध लोकांत मुलं संख्येनं थोडी, पण त्यांच्यापुढे कमाईची वर्षं उभी असतात, म्हणून त्यांचं पारडं जड. प्रस्तावात दोन्हींपैकी कुठलाही आकडा टाका, पण कुठला आहे ते लिहा. दोन्हींची बेरीज केलेले अहवाल मी पाहिले आहेत.

त्याच निबंधात एक छोटा आकडा होता, जो मी बैठकीत सांगायला हवा होता आणि सांगितला नाही. देशातल्या मोतीबिंदूनं अंध झालेल्या सगळ्यांवर उपचार करायला लागणारा खर्च: ५.३ अब्ज रुपये. नुकसान किती, यापेक्षा त्यातलं परत किती मिळवता येतं आणि किती पैशांत, हे कळलं तर समिती ऐकते. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. ते नुकसान खरं असलं तरी उद्याच्या अंदाजपत्रकात त्याला 'वाचवता येण्याजोगं' म्हणता येत नाही. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर यांचं तसं नाही. प्रस्ताव याच दोघांभोवती बांधा.

आता कोकणाची गोची. जागतिक पातळीवर हल्ली सगळे ज्याचा दाखला देतात तो आकडा ४११ अब्ज डॉलरचा आहे. द लॅन्सेट ग्लोबल हेल्थच्या नेत्रआरोग्य आयोगानं तो २०२१ साली दिला, वर्षाकाठी बुडणाऱ्या उत्पादकतेचा, निरनिराळ्या देशांतल्या पैशाची खरेदीची ताकद सारखी धरून. काढला कसा? मध्यम ते तीव्र दृष्टिदोष किंवा अंधत्व असलेले जगातले कामकरी वयाचे सुमारे १६ कोटी लोक घेतले, चांगलं दिसणाऱ्यांच्या मानानं त्यांना नोकरी-धंदा सुमारे ३० टक्क्यांनी कमी असतो हे धरलं आणि त्याला देशाच्या उत्पन्नानं गुणलं. पद्धत स्वच्छ आहे. पण ती कामकरी वयाच्या माणसाचीच मोजणी करते, आणि पगारी काम हेच काम धरते.

मग आमच्याकडचं बघा. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. कारण तुम्हाला मी सांगायला नको: पोरं मुंबईला, घरात म्हातारी माणसं, आणि त्यांत बायका जास्त. मोतीबिंदू होतो तो याच वयात, याच माणसांना. म्हणजे माझ्या ओपीडीत बाकावर बसलेली दहापैकी आठ माणसं त्या ४११ अब्जांत शून्य रुपयांची आहेत. हा हिशेब जसाच्या तसा इथे वापरला तर उत्तर येईल: केंद्र मुंबईत काढा, कोकणात नको. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण भावनेचं नाही, हिशेबाचं आहे.

मालवण तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो, ओळख पटणार नाही एवढे बदल करून. आजी सत्तरीच्या जवळ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला म्हणाल्या, "माका दिसता, पण माणूस वळखाक येणा नाय." ऑपरेशनचं काढलं तर ठरलेलं उत्तर, "आता ह्या वयात डोळे घेवन काय करूचा आसा?" मी त्यांच्या सुनेला विचारलं, तीन वर्षांपूर्वी आजी दिवसभर काय करायच्या? सून उभी होती, ती खाली बसली आणि बोटं मोजायला लागली. सकाळी गोठा. मग परसातली भाजी, त्यातली उरलेली बाजाराच्या दिवशी विकायला. मे महिन्यात कोकम फोडून सोलं सुकवायची, तीही विकायची. कोंबड्या. दोन नातवंडांना शाळेतून आणणं. आणि सून स्वतः काजूच्या कारखान्यात जायची, कारण घरात आजी होत्या.

आता म्हैस विकली. परसात रान. आजी एकदा पायरीवरून घसरल्या तेव्हापासून सून कारखान्यात रोज जात नाही. मुलगा लोअर परळला कुठेतरी कामाला, तो दोनदा येऊन गेला.

याची किंमत काढायला अर्थशास्त्रात सरळ रीत आहे. आजी जे काम करायच्या ते पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचं म्हटलं तर काय पडेल? आणि त्यांच्या सोबत बसण्यासाठी सुनेनं किती मिळकत सोडली? समजा सून तीनशे रुपये रोजानं वर्षाला दोनशे दिवस जात होती आणि आता निम्मेच दिवस जाऊ शकते. वर्षाचे तीस हजार गेले, तेही आजीच्या कामाचा एक रुपया न धरता. सोलं, भाजी, दूध मिळून दहा हजार धरले तर चाळीस. तीन वर्षं ऑपरेशन लांबलं, म्हणजे एक लाख वीस हजार. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन स्वयंसेवी संस्थेनं केलं तर अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तिला मिळणारं अनुदान दोन हजार रुपये. संस्थेचा खरा खर्च त्याहून बराच जास्त असतो, मान्य. दोन्ही डोळ्यांचे तिप्पट-चौपट धरा. तरी त्या घरात तो खर्च एका वर्षाच्या आत भरून निघतो.

मग तीन वर्षं का लागली? "मोतीबिंदू अजून पिकला नाही" हे एक. पूर्वी ते खरं होतं. जाड भिंगाच्या चष्म्याच्या काळात डॉक्टरच थांबायला सांगायचे. आता काम अडलं की काढायचा. पिकायची वाट बघून ऑपरेशन उलट अवघड होतं. दुसरं म्हणजे पावसाळा. पावसात डोळ्याचं ऑपरेशन नको, गणपतीत नको, मग भातकापणी, मग जत्रा. पण मोठं कारण फेऱ्यांचं. देवगडच्या आतल्या वाडीतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर एक तपासणी, एक रक्त-साखर-बीपीसाठी, एक ऑपरेशनची, मग आठवड्यानं, मग महिन्यानं चष्म्याच्या नंबरासाठी. मध्ये एखादं "आज लेन्स नाही, सोमवारी या". पाच-सहा फेऱ्या, प्रत्येक वेळी दोन माणसं.

इथे एक गंमत घडली आहे ती धोरणवाल्यांनी नीट बघावी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे तिकिटाचा खर्च निम्म्यावर आला, काहींचा तर शून्यावर. ऑपरेशन तर फुकटच असतं. तरी आजी येत नाहीत, कारण सुनेचे सहा रोज बुडतात ते कुणी भरून देत नाही. तुमच्या केंद्राचा खरा फायदा हा आहे: पाचपैकी तीन-चार फेऱ्या घराजवळ होतात. यासाठी मोठं अर्थशास्त्र लागत नाही. कणकवलीला गाडी बदलताना किती वेळ जातो, एवढं माहीत असलं तरी पुरे.

सरकारी व्याख्येबद्दल एक कडवट आठवण आहे. शिबिरात अंधत्व ठरवायची साधी रीत म्हणजे बोटं मोजायला लावणं. खळ्याच्या एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला मी, हात वर करून. "किती?" २०१७ पर्यंत सहा मीटरवरून बोटं मोजता आली नाहीत तर राष्ट्रीय कार्यक्रमाच्या लेखी ती व्यक्ती अंध. २०१७ साली व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाला जुळवली आणि अंतर तीन मीटर झालं. जगाशी तुलना करायला हे योग्यच. पण जी आजी चार मीटरवरून बोटं मोजत होती ती एका कागदानं अंधांच्या यादीतून बाहेर पडली, आणि तिची सून होती तिथेच राहिली. २०१५-१९ च्या, याच नव्या मापानं मोजलेल्या देशपातळीच्या सर्वेक्षणात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के आलं, २००६-०७ साली ते एक टक्का होतं. घट खरीच आहे, गेल्या तीन दशकांत मोतीबिंदूचं काम प्रचंड झालं आहे. पण त्यातला काही भाग फुटपट्टी बदलल्याचाही आहे. तुमच्या प्रस्तावात 'अंधत्वाचं प्रमाण' हा शब्द मुख्य ठेवलात तर समिती म्हणेल, समस्या संपतच आली आहे. 'काम अडणारा दृष्टिदोष' मोजा.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन ती: चाळिशी. साधा जवळचा चष्मा. याच्यावर कुणी शिबिराचा बॅनर लावत नाही, फोटोत पट्टी बांधलेले डोळे लागतात. पण पैशाच्या हिशेबात याच्या जवळपास येणारं फारसं काही नाही.

आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाला जवळचा चष्मा लगेच दिला, दुसऱ्याला चाचणी संपल्यावर. पानं वजनावर मोजली. चष्मेवाल्यांच्या कामात दुसऱ्या गटापेक्षा २१.७ टक्के जास्त वाढ झाली. पन्नाशीपुढच्यांत तर ३१.६ टक्के. मग २०२४ साली बांगलादेशातली चाचणी आली. त्यात शिवणकाम, विणकाम, शेती असे निरनिराळे धंदे करणारे लोक होते, आणि आठ महिन्यांनंतर चष्मा मिळालेल्यांची मधली मासिक कमाई (सगळ्यांना कमाईनुसार ओळीत उभं केलं तर मधोमध येणाऱ्याची) दुसऱ्या गटापेक्षा ३३.४ टक्क्यांनी जास्त होती, ३५.३ च्या जागी ४७.१ डॉलर. मला आसामच्या आकड्यावर जास्त भरवसा आहे. तिथे तराजू होता, बांगलादेशात लोकांनी आपली कमाई आपणच सांगितली.

चहाचा मळा आपल्याकडे नाही, पण काजू आहे, आणि काजूतही मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर. बी फोडणं, मग गराची साल काढणं, मग वर्गवारी. अख्ख्या गराला जो भाव तो पाकळीला नाही, पाकळीला जो तो तुकड्याला नाही, आणि कणी तर जवळजवळ वाया. साल काढताना सुरी किंचित चुकली की अख्ख्याची पाकळी होते. सावंतवाडीकडच्या एका छोट्या कारखान्यात मी सहज गेलो होतो, डोळ्यांचं काही डोक्यात नव्हतं. पन्नाशीची एक बाई खिडकीला टेकून बसली होती, गर हातभर लांब धरून. माझ्या बॅगेत तपासणीची भिंगं होती. अधिक दोनची दोन भिंगं फ्रेममध्ये घालून तिच्या डोळ्यांवर ठेवली. तिनं हातातला गर फिरवून बघितला. सालीचा एक कपचा राहिला होता, तो नखानं काढला. मग काही न बोलता तिनं शेजारचा झालेल्या गरांचा डबा ओढला आणि सगळे परत उपसून बघायला लागली. मालक मागे उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या पैशानं अकरा चष्मे मागवले.

हेच जाळी दुरुस्त करणाऱ्यांचं. जून-जुलैची मासेमारी बंदी म्हणजे जाळ्यांच्या कामाचे दिवस. अनुभवी हात पन्नाशीचे, आणि आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोजायला नजर लागते. शिंपी, सोनार, एसटीचे वाहक, भात-तांदळातले खडे निवडणाऱ्या बायका. यातली कुणीही व्यक्ती दिव्यांगाच्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही. लांबचं सगळं चोख दिसतं. म्हणून सरकारी आकड्यांत त्या नाहीतच.

समितीपुढे ठेवायला गणित असं करा. केंद्राचा वर्षाचा खर्च समजा नऊ लाख: एक नेत्रतंत्रज्ञ, एक मदतनीस, भाडं, वीज, महिन्यातून ठरावीक दिवस सर्जनची फेरी. काजूकामगार बाईची वर्षाची मजुरी साठ हजार धरा. आसामातली वाढ अर्ध्याहून कमी, फक्त दहा टक्के धरा, म्हणजे वर्षाला सहा हजार. चष्म्याचे दोनशे वजा, राहिले पाच हजार आठशे. नऊ लाखांना त्यानं भागा. १५६ चष्मे. एका तालुक्यात, एका वर्षात, १५६ बायकांना योग्य नंबराची चाळिशी दिली की समाजाच्या बाजूनं केंद्राचा पूर्ण खर्च निघाला, मोतीबिंदूचा एक रुग्ण न धरता. आकडे तुमच्या भागातले घाला, रीत तीच ठेवा. आणि मुद्दाम कमी धरा. सदस्यांपैकी कुणीतरी काजूवाला असतोच, तो म्हणाला "दहा टक्के फारच कमी धरलेत" तर तुमचं अर्धं काम झालं.

एक चूक मात्र टाळा, कारण ती हमखास होते. 'अंध व्यक्तीला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान द्यावं लागतं, ते वाचेल' असं लिहून ते नुकसानीत मिळवतात. २०२३ साली हे अनुदान महिना १००० वरून १५०० झालं, दिव्यांगांसाठी पुढे आणखी वाढलं. पण समाजाच्या हिशेबात अनुदान हा खर्च नव्हे. या खिशातलं त्या खिशात गेलं, नाहीसं काही झालं नाही. बुडालेली मजुरी आणि त्या मजुरीच्या बदल्यात मिळालेलं अनुदान दोन्ही धरलंत तर एकच रुपया दोनदा मोजलात. फक्त तिजोरीच्या बाजूनं हिशेब करत असाल तर अनुदान धरा, पण मग सुनेची मजुरी सोडा. दोन वेगळे तक्ते करा, वर ठळक लिहा कुणाच्या बाजूचा कुठला.

तुम्ही विचारलंत, धोरणात हे वापरतात का? वापरतात, पण आपण समजतो तसं नाही. १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प मंजूर झाला, सात राज्यांसाठी, महाराष्ट्र त्यात होता. शाळेच्या वर्गात टेबलं मांडून होणारी शिबिरं मागे पडून ऑपरेशनं रुग्णालयात आणि लेन्स घालून व्हायला लागली, त्यात या प्रकल्पाचा मोठा हात. कर्ज घ्यायचं तर परतावा दाखवावा लागतो, तिथे खर्चाचे अभ्यास कामी येतात. पण गणित खरं बदललं ते लेन्सच्या किमतीनं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ साली स्वतःचा लेन्सचा कारखाना काढला आणि परदेशी लेन्सची किंमत परवडत नाही हा आक्षेपच संपला. अर्थशास्त्रज्ञ फायदा भागिले खर्च या गुणोत्तराच्या वरच्या आकड्यावर वाद घालत होते, अरविंदनं खालचा आकडाच पाडला.

दुसरा वापर लक्ष्य ठरवण्यात. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेनं २०३० पर्यंतचं लक्ष्य ठेवलं: मोतीबिंदूच्या 'परिणामकारक' शस्त्रक्रियांची व्याप्ती, म्हणजे गरज असलेल्या शंभरांपैकी किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, ३० नं वाढवायची, आणि चष्म्याची ४० नं. यातला 'परिणामकारक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे अहवाल जातो तो ऑपरेशनं किती झाली याचा. ऑपरेशन झालं, महिन्यानं नंबर तपासायला आजी आल्या नाहीत, त्यांना अजूनही नीट दिसत नाही, तरी अहवालात त्या एक पूर्ण आकडा आहेत. खर्च पूर्ण झाला, फायदा अर्धाच. मी स्वतः असे अहवाल सह्या करून पाठवले आहेत, मार्चअखेरीस तर रात्री बसून. तुमच्या केंद्राचं यश ऑपरेशननंतर महिन्यानं किती जणांना दिसतं यावर मोजायचं असं प्रस्तावातच लिहा. पुढे तुम्हालाच जड जाईल, पण लिहा.

तिसरा वापर आजारांची आपसात तुलना करण्याचा, आणि तो जपून. पैशात मोजायचं टाळून 'गमावलेली निरोगी वर्षं' मोजतात, त्यासाठी प्रत्येक आजाराला शून्य (ठणठणीत) ते एक (मृत्यू) यांमधलं वजन देतात. जागतिक आजारभाराच्या जुन्या हिशेबात अंधत्वाचं वजन ०.६ च्या आसपास होतं. २०१० च्या फेरीत ते ०.१९५ वर आलं. एका रात्रीत जगातल्या आंधळेपणाचं वजन एक तृतीयांशावर आलं, कारण यावेळी सामान्य लोकांना विचारायची रीत आणि वर्णनाचे शब्द बदलले होते. जवळच्या नजरेच्या दोषाला तर वजन जवळजवळ नाहीच, ०.०१ च्या घरात. काजूवाल्या बाईला विचारून बघा. असे आकडे समोर आले तर कुठल्या सालच्या वजनांनी काढलेत, एवढं विचारायला विसरू नका.

भातकापणीबद्दल दोन ओळी, कारण तुमचा भाग भाताचा. ऑक्टोबरात कुसळ किंवा पात डोळ्याला लागते, माणूस दोन दिवस दुर्लक्ष करतो, मग कोणी डोळ्यात काहीबाही पिळतं, आणि बुबुळावर बुरशीची जखम होते. फूल पडतं. हे पंचविशी-तिशीतही होतं, म्हणून आयुष्याच्या हिशेबात फार महाग. नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, गावातल्या स्वयंसेविकांनी खरचटलेल्या डोळ्याला अठरा तासांच्या आत साधं मलम सुरू केलं त्यांच्यात एकालाही अशी जखम झाली नाही. आशाताईंना हे शिकवायला केंद्राला वेगळा पैसा लागत नाही.

आणि ज्यांची नजर परत येणार नाही त्यांचं काय? इथे 'नुकसान', 'भार' हे शब्द मी तरी वापरत नाही. आमच्याच भागात पूर्ण अंध असलेला एक मुलगा बँकेत आहे, संगणक बोलतो आणि तो काम करतो. त्याची कमाई बुडालेली नाही. ज्याची बुडते त्याची पुष्कळदा डोळ्यांमुळे बुडत नाही. पांढरी काठी घेऊन चालायला कुणी शिकवलेलं नसतं आणि रस्त्याला फूटपाथ नसतो म्हणून बुडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. केंद्राच्या खर्चात प्रशिक्षणासाठी वाट दाखवणारा एक माणूस धरा. त्याचा परतावा १५६ चष्म्यांसारखा झटपट दाखवता येणार नाही. त्याला वेगळं कलम करा आणि हक्क म्हणून मागा. त्या तक्त्यात कोंबू नका, तिथे तो हरेल.

प्रस्ताव मार्चच्या बैठकीला न्यायचा असेल तर मोजणी आत्ता करा, काजूची नवी बी यायच्या आधी. दोन-तीन कारखाने, एक जेटी, आणि पाच-सहा वाड्या पुरेत. प्रत्येक घरात चार गोष्टी विचारा: कोणाला दिसत नाही, ती व्यक्ती पूर्वी काय करायची, आता तिच्यासाठी कोणाचे किती रोज बुडतात, आणि शेवटची तपासणी करायला किती फेऱ्या झाल्या. घरातल्या पुरुषाला विचारू नका. तो सांगेल, "काय नाय, म्हातारी घरातच असते." सुनेला विचारा, आणि ती बोटं मोजायला लागली की मध्ये बोलू नका.